हे वजन जातं कुठं?

आमच्या धंद्यात 'आर्किटेक्ट' हा शब्द फार स्वस्त झालाय. दहा वर्षं कोड लिहिला की माणूस आपोआप आर्किटेक्ट होतो. व्हाइटबोर्डवर चार चौकोन काढतो, त्यांना बाणांनी जोडतो आणि त्याला 'स्ट्रक्चर' म्हणतो. फाउंडेशन, फ्रेमवर्क, लोड, ब्रिज... सगळे शब्द आपण बांधकामवाल्यांकडून उसने आणलेत, आणि परत करायचं नावच नाही! फरक एवढाच, की आपलं स्ट्रक्चर कोसळलं तर सर्व्हर रिस्टार्ट करता येतो. घराला तसलं बटण नसतं.

गेलं वर्षभर वीकेंडला मी स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगची अगदी प्राथमिक पुस्तकं वाचत होतो. हौस म्हणून नाही. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आमचं घर आहे. तिथं आईबाबा राहतात. जुन्या मातीच्या घराला लागून २००९ साली स्लॅबची एक खोली काढली होती आणि बाबांना तिच्यावर माडी चढवायची होती. धाकट्या भावाचं लग्न ठरत होतं. बाबांच्या रिटायरमेंटच्या पैशातला मोठा वाटा त्यात जाणार होता. आणि त्या खोलीच्या भिंतीला एक तिरकी भेग होती.

मिस्त्री म्हणाला, "काही नाही भाऊ, सिमेंट भरून घोटून देतो. पताबी नाही लागणार."

आता आपण प्रोग्रामर लोक हा प्रकार चांगला ओळखतो. एरर आला, तो गुपचूप गिळून टाकला, स्क्रीनवर काही दिसलं नाही, म्हणजे बग गेला! तर त्या भेगेच्या निमित्तानं जे काही समजलं ते आज लिहितोय. यातलं बहुतेक सगळं इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. सिव्हिलवाल्या मित्रांनी हसायला हरकत नाही.

सगळ्या शास्त्राच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हे वजन जातं कुठं? घरातली प्रत्येक वस्तू, छत, माळ्यावरची ट्रंक, पंखा, पाहुणे, यांचं वजन कुठून तरी वाट काढत शेवटी जमिनीत गेलंच पाहिजे. ही वाट सलग हवी. मध्ये कुठं तुटली, अरुंद झाली, की तिथं गडबड.

ही वाट डोळ्यांनी बघायची असेल तर आमच्याकडे या. सेवाग्रामला. गांधीजी १९३६ मध्ये तिथं (तेव्हाच्या शेगावात) राहायला आले. आदी निवास, बापू कुटी ही घरं बांधली ती आसपास मिळणाऱ्या सामानातून: माती, लाकूड, बांबू आणि कवेलू. बापू कुटी मुळात मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली. बहुतेक लोक तिथं चष्मा, चरखा, साधेपणा बघतात आणि हात जोडून निघतात. पुढच्या वेळी पाच मिनिटं नुसतं वर बघत बसा. अशा घरात कवेलू बसतात बांबूवर, बांबू वाशांवर, वासे आढ्यावर आणि भिंतीच्या माथ्यावर, तिथून वजन भिंतीत नाहीतर खांबात, आणि तिथून जमिनीत. काहीही झाकलेलं नाही. आमच्या इंडस्ट्रीत याला 'सेल्फ डॉक्युमेंटिंग' म्हणतात आणि ते कुणालाच जमत नाही :)

स्लॅबच्या घरात हीच वाट प्लास्टरच्या आत दडलेली असते. त्यामुळे 'ही मधली भिंत काढून हॉल मोठा करू' असं आपण सहज म्हणतो. ती भिंत नुसता पडदा आहे की वरच्या छताचं वजन तिच्यातून खाली येतंय, हे बाहेरून कळत नाही. आणि काढल्यावरचं गणित बघा. तुळई तीच, दर फुटावरचं वजन तेच, पण दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर ती दुप्पट नाही, सोळा पट लवते! अंतराचा चौथा घात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली होती.

दुसरी गोष्ट: वजन वस्तूंना कसं छळतं? प्रकार मूळचे दोनच. दाब आणि ताण. खडू घ्या. उभा धरून दाबा, बराच जोर सोसतो. दोन टोकं धरून वाकवा, कट्! वाकताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते, आणि ताण खडूला सोसत नाही. माती, वीट, दगड, काँक्रीट, सगळी खडूची भावंडं. दाबाला बळकट, ताणाला कच्ची. लाकूड, बांबू आणि लोखंड मात्र दोन्ही सोसतात.

म्हणून तर काँक्रीटमध्ये सळया घालतात. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब मध्ये लवतो, खालची बाजू ताणली जाते, म्हणून तिथं मुख्य सळया खाली. पण छज्जा किंवा गॅलरी एकाच बाजूनं धरलेली असते. ती लवते तेव्हा ताण येतो वरच्या बाजूला. तिथं मुख्य सळया वरच हव्यात. आता स्लॅब टाकायच्या दिवशी काय होतं? घमेली घेऊन माणसं त्याच जाळीवरून पळतात, वरच्या सळया पायाखाली दबून तळाला जातात, वरून काँक्रीट पडतं. सळया मोजल्या तर बरोबर. वजन केलं तर बरोबर. फक्त जागा चुकलेली, म्हणजे नसल्यासारख्याच. आपण 'क्वालिटी'चा विचार करतो तो सिमेंटच्या ब्रँडचा आणि सळईच्या जाडीचा. इथं प्रश्न चार इंच वर की खाली एवढाच असतो.

गावच्या सुताराला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. ३ बाय ६ इंचाची तुळई तो नेहमी उभी घालायचा, आडवी नाही. लाकूड तेच, पैसे तेच. पण उभी घातली की दुप्पट वजन पेलते आणि लवते एक चतुर्थांश. कारण ताकद खोलीच्या वर्गानं वाढते आणि ताठपणा घनानं. (हे 'खोली' म्हणजे उंचीच्या अर्थानं बरं का, बेडरूम नाही.)

आता एक मजेदार प्रश्न. लाकूडही नाही, लोखंडही नाही, फक्त खडूची भावंडं आहेत. छत घालता येईल? येईल, ताण येऊच द्यायचा नाही! हाताला मोत्यांची माळ घ्या, दोन टोकं धरून लोंबकळू द्या. तिच्यात सगळा ताण. तोच आकार उलटा करून ताठ केला की सगळा दाब. ही कमानीची किल्ली रॉबर्ट हूकनं १६७० च्या दशकात एका कोड्यात लपवून छापली होती. (पेटंट ऑफिसऐवजी अक्षरांचं कोडं. काय लोक होते!)

आणि हे बघायलाही फार लांब जायला नको. वर्ध्याच्या कुमारप्पापुरममध्ये सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था आहे, देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये सुरू केलेली. त्यांनी कुंभाराच्या चाकावर होणाऱ्या निमुळत्या, पोकळ कवेलूंची छतं केली. त्यांना 'गुना' टाइल म्हणतात. एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात घालत जायचं, की वाकडी नळी होते, म्हणजेच कमान. अशा कमानी एकमेकींना चिकटवून लावल्या की कमानदार छत तयार. लाकूड नाही, लोखंड नाही आणि गावातल्या कुंभाराला काम. अर्थात फुकट काहीच मिळत नाही. कमान दोन्ही बाजूंच्या भिंतींना बाहेर ढकलते आणि ती ढकल सोसायची तजवीज करावीच लागते. प्रश्न पुन्हा तोच: वजन जातं कुठं? इथं ते खाली जाता जाता थोडं बाजूलाही जातं.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा मातीच्या घरांचा प्रचार चाललाय. तसं मुळीच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत काय झालं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. हजारो माणसं गेली, आणि त्यातली कितीतरी आपल्याच घराखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर. रोजच्या, सरळ खाली जाणाऱ्या वजनासाठी ती घरं वर्षानुवर्षं ठीक होती. पण भूकंप आडवा ढकलतो, आणि घर जितकं जड तितका जोरात ढकलतो. भिंतीचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, भिंती कोपऱ्यात एकमेकींना धरून नव्हत्या. म्हणजे आडव्या जोराला जमिनीपर्यंत जायला वाटच नव्हती. सामान माती आहे की काँक्रीट हा मुद्दा नंतरचा. वाट आहे का, हा आधीचा.

असो. आमच्या माडीकडे येतो. आधी हिशेब केला. खोली १० बाय १२ फूट. पाच इंची स्लॅबचं वजन जवळजवळ साडेतीन टन. चारी बाजूंच्या नऊ इंची विटांच्या, दहा फुटी भिंती, दारं-खिडक्या वजा करूनही पंधरा टनांच्या आसपास. (मला वाटायचं स्लॅब जड असतो. भिंती त्याच्या चौपट निघाल्या.) माणसं आणि सामानासाठी भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घरात दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात, ते दोन टन. एकूण वीस-एकवीस टन. म्हणजे बाबा त्या खोलीच्या डोक्यावर एक भरलेला ट्रक उभा करणार होते. खालच्या भिंती तो पेलतीलही. वीट दाबाला पक्की असते. पण भिंतीच्या खाली काय?

खाली काळी माती. कपाशीची. वर्ध्याचं, हिंगणघाटचं, पुलगावचं सगळं वैभव जिच्यावर उभं राहिलं ती. लाखो वर्षांत बेसाल्ट झिजून तयार झालेली ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून कपाशीला मानवते. ती पाणी धरते कारण तिच्यातल्या चिकणमातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर होतात. माती फुगते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा गेला की पाणी जातं, माती आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जो गुण पिकाला तारतो तोच घराला मारतो. वजन जाऊन जाऊन जमिनीत जातं म्हणावं, तर इथं जमीनच वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते.

ही गोष्ट खरं तर बाबांनीच सांगितली होती, मला ऐकू आली नाही एवढंच. भेगेचा विषय निघाला की ते म्हणायचे, "अरे, काही होत नाही. पावसाळ्यात ते आपोआपच बुजते." त्यांच्या मते हा भेग निरुपद्रवी असल्याचा पुरावा होता. पुस्तकात वाचलं तर हेच मुख्य लक्षण! पाया एकदा खचून थांबला तर भेग एकदा पडते आणि तेवढीच राहते. ऋतूप्रमाणे उघडते-मिटते ती भेग मातीची असते.

मग आम्ही लॉगिंग सुरू केलं. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलनं खुणा, बाजूला तारीख, आणि महिन्यातून एकदा बाबांनी पट्टीनं अंतर मोजून व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायचा. बाबा शिक्षक होते, त्यामुळे तारखेत कधी खाडा नाही. मे महिन्यात उघडी पाच मिलिमीटर. सप्टेंबरमध्ये एक. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा चार.

भेगेची दिशाही बोलत होती. भेग म्हणजे तिथं ताण आला होता याची नोंद; ताण ज्या दिशेला, भेग त्याला आडवी. आमची भेग खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून निघून घराच्या पूर्वेकडच्या कोपऱ्याकडे चढत गेली होती, म्हणजे तो कोपरा खाली जातोय. त्या कोपऱ्यापाशी आईनं लावलेला कडुनिंब. उन्हाळ्यात तो मुळांनी उरलंसुरलं पाणी ओढून घेतो. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्हाणी, तिचं पाणी तिथल्या तिथं मुरतं. एक कोपरा बारमाही ओला, दुसरा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. घर सगळं एकत्र वर-खाली झालं असतं तर कदाचित कळलंही नसतं. फरक घात करतो.

एवढ्यावर मी निकाल दिला नाही, वर्ध्याहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी काहीही बोलण्याआधी पायालगत खड्डा खणायला लावला. पाया तीन फुटांवर संपला, काळ्या मातीतच. मुरूम लागला साडेसहा फुटांवर. मिस्त्रीही खड्ड्यात डोकावून बघत होता. म्हणाला, "पहिल्या मिस्त्रीनं तीन फुटातच आटोपलं जी." इंजिनिअर म्हणाले, माडी नाही. नुसती भेग भरून तर नाहीच नाही.

काळ्या मातीवर उपाय नाहीत असं नाही. मुरूम जवळ असेल तर पाया तिथपर्यंत न्यायचा. माती खूप खोल असेल तर रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं विकसित केलेले, तळाशी फुगवटा असलेले पाइल वापरतात. ऋतूंची हालचाल साधारण साडेतीन मीटरच्या खाली पोचत नाही, तिथं घराचा पाय रोवायचा. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी १९७० च्या दशकात आणखी एक वाट दाखवली: न फुगणाऱ्या चिकट मातीचा, साधारण मीटरभर जाडीचा दाबून बसवलेला थर मध्ये घालायचा. कालव्यांच्या कामात त्याचा खूप उपयोग झाला. पण हे सगळं बांधायच्या आधी स्वस्त असतं. नंतर महाग, आणि माडी चढल्यावर फार महाग.

आमच्या खोलीला सांगितलेले उपाय अगदीच साधे. न्हाणीचं पाणी पाइपनं लांब शोषखड्ड्यात न्यायचं. घराभोवती बाहेर उतार असलेला फरशीचा रुंद पट्टा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही आणि उन्हानं कडा वाळणार नाही. आणि कडुनिंब? मला वाटलं तो तोडायचा. इंजिनिअर म्हणाले, एकदम तोडाल तर तिथली माती पाणी साठवून फुगेल आणि कोपरा वर उचलला जाईल. फांद्या छाटत राहा, मुळांच्या आडून एक खोल भिंत घाला. आई तेवढ्यावर खूश!

बाबा खूश नव्हते. गावातल्या बऱ्याच घरांवर माड्या चढल्यात, आपली राहिली, हे त्यांना लागलं होतं. मी हिशेबाचा कागद दाखवला तर बघितलाही नाही. दोन-तीन महिने आमच्या फोनवर हा विषय निघाला नाही. फोटो मात्र दर महिन्याला येत राहिले. मग एकदा त्यांनीच विचारलं, "परसात खाली खोली काढली तर चालते का?" चालते. पाया सात फूट, मुरमात. जोत्याच्या पातळीवर चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा. आणि जुन्या-नव्या भिंतीत एक इंचाची फट, मुद्दाम ठेवलेली, कारण दोघींच्या हालचाली वेगळ्या असणार. पाहुणे विचारतात ही फट कशाला, तर बाबा त्यांना काळ्या मातीवर वीस मिनिटांचा तास घेतात.

यातून तीन गोष्टी. पुढच्या वेळी गावी गेलात तर घराच्या भेगा बघा आणि घरच्यांना विचारा की त्या उन्हाळ्यात वाढतात का. पेन्सिलीला पाच रुपये पडतात. वरचा मजला चढवायच्या आधी पायालगत एक खड्डा खणा आणि इंजिनिअरची फी द्या. ती माडीच्या खर्चापुढे काहीच नसते. आणि स्लॅबच्या दिवशी हार-पेढ्यांच्या गडबडीत कुणीतरी एकानं छज्जाच्या सळयांवर लक्ष ठेवा.

भेग अजून आहे. या मे महिन्यात दोन मिलिमीटर. बाबा म्हणतात, आणखी एक उन्हाळा बघू, मग भरू.